दाराआडची मोगरी

गिरजा मावशी,

तुझ्या तेरवीला मी पोटभर जेवले, हे आधी सांगून टाकते. लाखोरीची डाळ दोनदा मागून घेतली. तुझ्या सुनेनं आधी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "वाढ बाई, तुझी सासू असती तर न मागता तिसऱ्यांदा वाढली असती." ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि मी जेवत राहिले. तुझ्यासाठी उपाशी राहण्यात काही अर्थ नव्हता. उपाशी माणूस तुला कधी बघवलाच नाही.

आणि मरणही किती नीट मिळालं तुला. सकाळी खळ्यावर जाऊन धान बघून आलीस, चुलीत ओली काटकी घातली म्हणून सुनेला दोन शब्द सुनावलेस, गरम भात खाल्लास आणि कलंडलीस ती कलंडलीसच. कुणाला पाणी मागितलं नाहीस. मला निरोप मिळाला तेव्हा मी शाळेत पाढे घेत होते. पोरींना म्हटलं, सतराचा पूर्ण म्हणा, मग सुट्टी. त्यांचा सतराचा संपेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

आता लिहायला बसले आहे तर सगळं पहिल्यापासून मांडते. तुला यातलं काहीच नवं नाही, पण मास्तरणीची खोड आहे, पायरी सोडून पुढे जाववत नाही.

मी सौंदडहून लग्न होऊन त्या पोलीस ठाण्याच्या लाईनीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. भाऊ दुसऱ्याची धानाची जमीन करायचा. मी चौथी शिकलेली, आणि मिळालेला नवरा सरकारी शिपाई, म्हणजे गावाच्या हिशोबानं पोरीनं नशीब काढलं. एका लांब कौलाखाली सात खोल्या. पहिल्या खोलीत तू आणि तुझे जमादार, त्याला लागून आमची. मधे एक भिंत, तीही कुडाची, वर आढ्याला भिडत नव्हती. तुझ्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं. माझ्या घरात काय चाललंय ते तुला कशावरून कळायचं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

तो मारायचा. त्याला 'तो' म्हणायला मी तुझ्याकडून शिकले. लाईनीत नवऱ्याचं नाव घेत नसत, सगळ्या जणी 'आमचे शिपाई' म्हणायच्या, मीही म्हणायचे. आमचे शिपाई कमरेच्या पट्ट्यानं मारायचे, पितळी बक्कल बाहेरच्या अंगाला ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी ते बक्कल चिंच लावून घासायचं काम माझं, कारण परेडला ते चमकायला हवं. बाकीच्या बायका हळद आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "शिपायाचा हात होय बाई, चालनारच." तू हळद आणली नाहीस आणि काही बोललीही नाहीस. त्याचा हात सुरू झाला की भिंतीपलीकडून एकदा खाकरायचीस, बस. मला त्या खाकरण्याचा असा राग यायचा. वाटायचं, ऐकू येतंय तर ये ना, नाहीतर कान बंद करून झोप.

त्या दुपारचं आता सांगते. तो खजिन्याच्या पहाऱ्यावरून परत आला होता. बंदूक ठाण्यात जमा करायची सोडून घरी घेऊन आला. तिकडे साहेबानं चारचौघांत त्याचा अपमान केला होता, एवढं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यानं पट्टा काढला नाही. आवाज चढवला नाही. दार लावलं, कडी घातली आणि अगदी पाहुण्यासारखं म्हणाला, "सरू, पाणी दे." मी दिलं. तो प्याला, तांब्या नीट पालथा घातला, बंदूक भरली आणि म्हणाला, "कुंकू नीट लावून घे. आधी तू, मग मी."

मी काय केलं असेल? ओरडले? नाही मावशी. मी कुंकवाचा करंडा शोधायला लागले. दीड वर्षात अंगाला अशी सवय लागली होती की त्यानं सांगितलं की हात आपोआप कामाला लागायचे. मला मरायचं नव्हतं. पण 'नाही' म्हणायचं असतं, हेच सुचलं नाही.

आणि तेवढ्यात तास वाजला.

ठाण्याच्या ओसरीला काशाची जाड थाळी टांगलेली असायची, तिला आपण तास म्हणायचो. पहारेकरी दर तासाला मोजून ठोके द्यायचा. पण न मोजता, न थांबता ठोके सुरू झाले तर त्याचा अर्थ लाईनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. गिनती. असेल तिथून, असेल तसं, वर्दी चढवून मैदानात रांगेत उभं राहायचं. मग आग लागलेली असो, कैदी पळालेला असो, की साहेबाला लहर आलेली असो. उशीर झाला की शिक्षा.

तास वाजत राहिला आणि त्याचा हात गळ्याच्या गुंडीकडे गेला. मी बघत होते. त्याचं डोकं अजून बंदुकीत होतं, पण हात गुंड्या लावत होते. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली, नळी वर करून, शिकवल्याप्रमाणे. साफा डोक्यावर ठेवला. आणि माझ्यावर ओरडला, रोज सकाळी ओरडायचा तसाच, "पायाची पट्टी कुठं ठेवली, रांडे?" मी वाकले आणि खाटेखालून ती पट्टी काढून दिली. मला गोळी घालायला निघालेल्या माणसाची पट्टी मीच शोधून दिली. तो ती गुंडाळत गुंडाळत धावत गेला.

पुढे आपण दोघी यावर किती हसलो, आठवतं? पहिल्यांदा हसलो तेव्हा तू घाबरलीस, तुला वाटलं मला वेड लागलं. मग तूही सुरू झालीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तू म्हणत राहिलीस, "पट्टी देल्लीस? खरंच देल्लीस वो?"

तू मागच्या दारानं आत आलीस तेव्हा तुझ्या हातात कपडे धोपटायची मोगरी होती आणि तुला धाप लागली होती. माझ्याकडे बघितलंसही नाहीस. बंदूक उचललीस, तान्ह्या पोराला उचलावं तशी, जपून, आणि आमच्याच धानाच्या ढोल्यात खुपसून वरून धान सारलंस. मग म्हणालीस, "चाल." आणि मला हाताला धरून मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलंस.

समोर शिपाई रांगेत उभे होते. कुणाचा साफा वाकडा, कुणाच्या तोंडात घास. तुझे जमादार त्यांच्यापुढे उभे, आणि गिनती कुणी पुकारली हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. पहारेकरी मोहाच्या झाडाखालून धावत येत होता. जमादारांनी सवयीनं माणसं मोजायला सुरुवात केली, आणि तू सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदरही न सावरता म्हणालीस, "मानसं कायले मोजता? बंदुका मोजा."

बायको मारणं हा घरचा मामला होता. त्याची फिर्याद ठाण्यात कुणी लिहून घेतली नसती, लिहून घेणारेच ते. पण सरकारी बंदूक कमी असणं हा सरकारचा मामला. जमादारांनी कमरेची किल्ली काढली. बंदुकांची खोली उघडून मोजल्या. एक कमी. मग खोल्यांची झडती झाली आणि ती बंदूक आमच्या धानातून निघाली, भरलेली. मग त्याचा पट्टा तिथंच उतरवला आणि त्याला भंडाऱ्याला धाडलं. नोकरी गेली. मला त्याच्याविरुद्ध एक शब्दही बोलावा लागला नाही. बोलता आला असता असंही वाटत नाही.

एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईला हे सुचलं. मी आजवर कितीतरी शिकलेली माणसं बघितली, त्यांतल्या एकालाही सुचलं नसतं.

पण तेव्हा मी काय केलं, तेही लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी खोली रिकामी करायचा हुकूम आला. मी तुझ्या दारात उभी राहिले आणि लाईनीतल्या सगळ्या बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "तू माझं घर मोडलंस. तुझं तळपट होईल." तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घर मोडलं. मानूस रायला नं?" मी थुंकले. तुझ्या उंबऱ्यावर थुंकले, मावशी. आणि त्याच संध्याकाळी तूच माझी गाठोडी तुझ्या खोलीत नेऊन ठेवलीस, कारण सौंदडचा भाऊ मला ठेवून घ्यायला तयार नव्हता. पोलिसातून काढलेल्याची बायको, लोक काय म्हणतील, असं त्याचं.

तुझ्याकडे मी आठ महिने राहिले. जमादारांनी पहिला महिना आपल्या दोघींशी अबोला धरला. त्यांची बढती थांबली होती, बाईनं तास वाजवला म्हणून. ते भाताकडे बघून बोलायचे, "आज मीठ कमी हाय," आणि तू भातालाच उत्तर द्यायचीस. मग हळूहळू गाडी रुळावर आली. पुढे पुढे तर ते बाजारात सांगायचे, "आमीच इशारा देल्ला होता, म्हनून घंटा वाजली." तू आतून ऐकायचीस आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचीस. त्यांनीच गोंदियातल्या मुलींच्या शाळेसाठी माझ्या शिफारशीची चिठ्ठी लिहून दिली, हे मात्र खरं. माणूस वाईट नव्हता. एकदा 'घरचा मामला' म्हणाला होता, त्याचं ओझं त्यालाही होतं.

ते मला कळलं नागऱ्याला. महाशिवरात्रीला आपण दर्शन घेऊन देवळामागं बसलो होतो, तू चिवड्याची पुडी सोडली होतीस. मी शाळेत लागून चार वर्षं झाली होती. तू एकाएकी म्हणालीस, "तुह्या खोलीत तुह्या आंधी कासी रायत होती."

कासी कोण, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. लाईनीत तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तू सांगितलंस. तीही शिपायाची बायको. तिलाही मार होता. त्या दिवशी भिंतीपलीकडून आधी आवाज आला, मग बंद झाला. तू उठलीस, तर जमादार म्हणाले, त्यांचा घरचा मामला आहे, बस. तू बसलीस. पोहे कांडत होतीस, ते कांडत राहिलीस. मग दोन बार झाले, मधे थोडं अंतर ठेवून. नंतर लाईनीतल्या बायकांनी ती खोली धुतली, शेणानं सारवली, आणि दोन वर्षांनी तिथं आम्हाला आणून ठेवलं. मी ज्या जमिनीवर बसून जेवत होते ती तूच सारवली होतीस.

तू म्हणालीस, "भितीले कान रायते म्हनते. मंग तोंड काऊन नाई रायत?"

तुझा हात धरायला हवा होता, तो धरला नाही. मी चिवडा खाल्ला.

त्यानंतर आपलं एकच भांडण उरलं, आणि ते आपण वीसेक वर्षं चालवलं. मी म्हणायचे, मावशी, तू ठरवून केलंस. तू म्हणायचीस, "ठरवून कायचं वो? धुनं धुवून राह्यली होती, हातात मोगरी होती, हात चालला. मले का मालूम, गिनती होते का का होते." मी म्हणायचे, जमादाराची बायको आणि तुला गिनती ठाऊक नाही? तू म्हणायचीस, "मी अडानी बाई." आणि वर विडा लावून द्यायचीस, म्हणजे माझं तोंड बंद. मी दुसरंही विचारायचे. मग बाकीच्या दिवशी का नाही हात चालला? दीड वर्ष नुसती खाकरत का बसलीस? त्यावर तू सुपारी कातरायला घ्यायचीस. मला वाटायचं, हिच्याकडे उत्तर नाही. खरं सांगू, तुझ्यावर इतकी माया असूनही तेवढी एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी होती. रोज ऐकत होती आणि रोज बसून होती.

तेरवीचं जेवण झालं, पाहुणे गेले, मग तुझी सून दाराआडून मोगरी घेऊन आली. म्हणाली, "बुडीनं सांगून ठेवलं होतं, हे सरूले द्याची."

मी ती हातात घेतली आणि लगेच कळलं. मावशी, मी आयुष्यभर कपडे धुतले आहेत. धुण्याची मोगरी पाण्यानं फुगते, तिच्या कडा गोल होतात, तोंड गुळगुळीत होतं. या मोगरीच्या कडा सुताराच्या हातून सुटल्या तशाच होत्या. ती पाण्यात कधी गेलीच नव्हती. एका अंगाला फक्त चार-दोन खोल वण, काशाच्या काठाचे.

सुनेला विचारलं. ती म्हणाली, "धुन्याले कधी देत नवती. म्हने, धुन्याची नोहे ते. कासी का कोन मेली ना, मंग बनवून घेतली म्हने सुताराकडून. घर बदलवलं का पयले ते मोगरी न्याची. मी म्हटलं, बुडे, ठेवली कायले मंग? तं म्हने, तास एकच डाव वाजवता येते. रोज वाजवला तं कोनी धावत नाई. आरडाओरड असन तवरी जीव रायते घरात. चूप झालं का धावाचं."

मी सुनेच्या घरात, सारवलेल्या जमिनीवर, तिथंच बसले.

म्हणजे खाकरणं हे खाकरणं नव्हतं. तू मला सांगत होतीस की मी ऐकते आहे. तू दीड वर्ष आवाज ऐकत नव्हतीस, आवाज बंद व्हायची वाट बघत होतीस. हातात एकच ठोका आहे आणि तो चुकून चालणार नाही, हे डोक्यात ठेवून रोज चुलीपाशी बसत होतीस. आणि ज्या दिवशी तो मऊ आवाजात "सरू, पाणी दे" म्हणाला, त्या दिवशी तू उठलीस. माझा मार ऐकत बसणं तुला सोपं गेलं असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. मास्तरीण असून मला एवढं गणित सुटलं नाही. आणि तू खुशाल 'अडानी बाई' म्हणत विडा लावत बसलीस.

तर आता ऐक. उंबऱ्यावर थुंकले होते, त्याची माफी मी कधी मागितली नाही. तू नागऱ्याला कासीचं सांगितलंस तेव्हा मागता आली असती. जमादार गेले तेव्हा मी पंधरा दिवस येऊन राहिले, तेव्हाही. दरवेळी वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. मागते आज. माझं घर तू मोडलं नाहीस. माझं घर तू बांधलंस, शाळेमागची दोन खोल्यांची जागा, दारात जास्वंद, वर्षाला चाळीस पोरी. मी सुखात आहे, मावशी. हे बोलायला मला नेहमी लाज वाटायची, नवऱ्याचं घर सुटलेल्या बाईनं सुखात असल्याचं सांगू नये अशी रीत आहे म्हणून. तुला सांगते. मी फार सुखात जगले.

आणि तुझ्याइतका धीर माझ्याकडे नाही, हेही कबूल करते. माझ्या शेजारी गेल्या वर्षी एक शिपाई राहायला आला, बायको कोवळी, लांजीकडची. मधे एकच भिंत. आवाज यायला लागला तेव्हा मी एक ठोका राखून बसले नाही. उठले आणि दार वाजवलं, "बाई, विरजण आहे का?" दारात मास्तरीण उभी म्हटल्यावर शिपाई पट्टा पाठीमागे लपवतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विरजण. तिसऱ्यांदा तर मी बसलेच, चहा घेतला, त्याला त्याच्या आईची खुशाली विचारली. गोंदियात एवढं विरजण मागणारी बाई दुसरी नसेल. माझ्याकडे दही इतकं होतं की वर्गातल्या पोरींना वाटावं लागतं. देश सुटतो आहे म्हणतात, साहेब जाणार म्हणतात, मी आपली वाटी घेऊन शेजारच्या दाराशी. पण हल्ली आवाज कमी झालाय. बंद झाला असं म्हणत नाही.

तुझ्या तेरवीहून आले त्या संध्याकाळी मोगरी दाराआड टांगली आणि भात टाकला. शेजारी बोलणं चालू होतं, भांडी वाजत होती. मग सगळं एकदम गप्प झालं. मी मोगरी काढली आणि अनवाणी धावले. अंगणात वाटलं, तास कुठाय? इथं तास नाही. शाळेची घंटा लांब. मग मोगरीनंच दार ठोकलं, सगळी आळी जागची उठेल असं.

दार तिनंच उघडलं. हातात जेवणाचं ताट, तोंडात घास. शिपाई मागं पाटावर बसून जेवत होता, उष्ट्या हातानं उभा राहिला. ती माझ्याकडे बघते, मोगरीकडे बघते, आणि हसू आवरत म्हणते, "बाई, विरजणाले मोगरी कायले आनली?"

मी म्हटलं, "आण, आहे तसं आण." तिनं वाटीभर दही दिलं. शिपाई अजून उभाच होता, हात बाजूला सरळ, गिनतीला उभं राहावं तसा. मी त्याला म्हटलं, "बस, जेव." मग घरी येऊन मोगरी जागच्या जागी लावली आणि दहीभात जेवले, पोटभर.